परत घेतलेल्या दुपारी

हे सदर आता तुम्ही लिहिणार आहात, म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं. मी प्रकृतीच्या कारणाने थांबलो, असं संपादकांनी तुम्हाला सांगितलं असेल. तसं सांगणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे. बसा. पडदे ओढलेलेच राहू देत, मला दुपारचं ऊन बघवत नाही. टेबलावरचा हा दिवा आपल्याला पुरेल.

चौदा वर्षं मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिली. दोन रकाने, जमेच्या बाजू आणि उणिवा. लोक उणिवांसाठी वाचायचे हे तुम्हालाही माहीत आहे. शंभर माणसांनी पाच वर्षं खपून केलेल्या कामाची मी चार ओळींत वासलात लावायचो आणि मग चहा प्यायचो. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची.

माझी एक पद्धत होती. तिला मी काळी चाचणी म्हणायचो. ज्या गेममध्ये आपण एखादी भूमिका घेऊन जगतो, सोबती जमवतो, त्यांच्याशी बोलून त्यांचा विश्वास मिळवतो, अशा प्रत्येक गेममध्ये मी ती घ्यायचो. जो सोबती सगळ्यात जास्त जीव लावतो तो निवडायचा. गेम त्या क्षणी सेव्ह करून ठेवायचा. मग त्याच्याशी जितकं वाईट वागता येईल तितकं वागायचं आणि बघत बसायचं. तो काय बोलतो, बाकीचे काय बोलतात, लिहिणाऱ्याने या शक्यतेचा विचार केला होता की वेळ मारून नेली होती. टिपण काढून झालं की सेव्ह केलेल्या जागी परत जायचं. सोबती तिथे हसत उभा असतो. त्याला काही आठवत नाही, कारण काही झालेलंच नसतं. अशा पन्नासेक जणांचा मी केसाने गळा कापला आणि एकही प्रसंग शिल्लक ठेवला नाही. मी स्वतःला सज्जन समजायचो.

घरात मी आणि ताई. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई-वडील लवकर गेले, तेव्हा तिने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि मला वाढवलं. लग्नाचा विषय कुणी काढला की ती हसून दुसरंच काही बोलायची. मी हाताशी आलो, आता हिने जरा आराम करावा, असं म्हणेपर्यंत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं हळू झालं, डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख राहिलं. ती चाकांच्या खुर्चीत असायची. मला ती धाकट्या म्हणायची.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरातून एक लोखंडी दार गच्चीत उघडायचं. दाराला वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती, तिची वरची पट्टी तेवढी साधी, आरपार दिसणारी. गच्चीवर ना झाड, ना छप्पर. पांढरी फरशी आणि कमरेएवढा कठडा, एवढंच. सकाळी नऊला मदतीच्या बाई यायच्या, ताईची आंघोळ, जेवण, औषधं सगळं करून दोनला जायच्या. दोननंतर घरात आम्ही दोघंच असायचो.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा संपादकांचा फोन आला. एक मोठा गेम आलाय, अंतराळ भटकायचा, हजार ग्रह आहेत म्हणे, दहा दिवसांत परीक्षण हवं. मी हो म्हणालो. नेहमीचंच काम.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, गेम वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी जमेच्या रकान्यात मी 'शांतता' असा शब्द लिहिला. यान ग्रहावर टेकताना त्याचे पाय दबतात, आजारी माणूस कूस बदलताना कण्हतो तसा आवाज येतो, आणि मग काही नाही. बाहेर पडलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. यानाचं आतलं कामही सुरेख होतं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात कप खाचांमध्ये अडकवलेले, त्यातला एक कुणीतरी धुऊन उलटा ठेवलेला. दाराला जाडजूड लोखंडी चाक, ते फिरवल्याशिवाय दार लागत नाही. ज्याने हे केलं त्याला घर म्हणजे काय ते कळत होतं.

पण उणिवांना तोटा नव्हता. हजारातले नऊशे ग्रह उजाड. उजाड असायला माझी हरकत नाही, पण सगळे एकाच साच्यातून काढलेले. तोच बोगदा, तीच पेटी, पेटीशेजारी तोच मेलेला शास्त्रज्ञ आणि तोही त्याच कुशीवर. प्रत्येक दारापाशी पडदा काळा होऊन खोळंबा. म्हणायला तुम्ही यानाचे कप्तान, पण पाठीवरचं ओझं जरा वाढलं की धाप लागते, म्हणून अर्धा वेळ हमालासारखं सामान काढ-घाल करण्यात जातो. भूमिका घ्यायच्या गेममध्ये तुम्ही साधू व्हा नाहीतर दरोडेखोर, शहरातला दुकानदार तुमच्याशी तेच गोड बोलतो. नकाशा असा की स्वतःच्या यानाकडे परत जायला वाट सापडू नये. तिसऱ्या दिवशी माझा रकाना काठोकाठ भरला होता आणि मी खुशीत होतो.

राहिली होती काळी चाचणी.

सोबती चार होते. त्यातली एक यानाची दुरुस्ती करणारी बाई. तिला काहीतरी लांबलचक नाव होतं, मी तिला मिस्त्रीणबाई म्हणायचो. पन्नाशीची, एका गुडघ्यात अधू, आवाज थकलेला. सुरुवातीलाच तुम्ही तिला एका कोसळत्या खाणीतून बाहेर काढता, आणि तेव्हापासून तिचा तुमच्यावर आंधळा विश्वास. दार लावायच्या आधी ती मागे वळून सगळे आत आलेत का ते मोजायची. मी तिलाच निवडलं.

बर्फाच्या एका ग्रहावर उतरलो. गेम सेव्ह केला. "मिस्त्रीणबाई, जरा यानाचा पाय तपासा," म्हणून तिला बाहेर पाठवलं आणि चाक फिरवून दार लावून घेतलं. काचेतून बघत बसलो. ती काम करून आली, दार ढकललं, थांबली. मग काचेवर बोटांनी वाजवलं. "कप्तान, दार अडकलंय बहुतेक," ती म्हणाली. हवा संपेपर्यंत ती मला दार कसं उघडायचं ते समजावत होती. चाक डावीकडे फिरवा, घाई करू नका, हाताला लागेल. दार मी लावलंय हे तिच्या मनातही आलं नाही.

मी लिहिलं, 'प्रतिक्रिया फिकी.' आणि परत गेलो.

ती यानात उभी होती. सगळं पहिल्यासारखं, फक्त तिच्या डाव्या हाताची बोटं काळी पडलेली. बर्फाने पडतात तशी. मी उणिवांमध्ये टिपलं, 'चित्र नीट पुसलं जात नाही.' मग पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी तिला खोटं सांगून पाठवलं. तिसऱ्या वेळी तिच्या पाठीवरची हवेची टाकी आधीच रिकामी केली. चौथ्या वेळी दार अर्धं उघडून पुन्हा लावलं. ती चिडावी, शिव्या द्याव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती. पण तिचं आपलं तेच, हाताला लागेल. तीन दुपारींमध्ये सतरा वेळा केलं. चाचणीला एक वेळ पुरते, हे मला कळत होतं. सतरा वेळा मी का केलं, ते माझं मला माहीत आहे.

सतराव्या वेळेनंतर परत गेलो तर मिस्त्रीणबाई दारापाशी नव्हती. यानाच्या पार मागच्या टोकाला भिंतीला पाठ लावून उभी होती. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "कप्तान, हे आपण याआधी केलंय."

मी खुर्चीतून उठलो. तुम्हाला वाटेल, घाबरून. छे, आनंदाने. सोबत्याला पुसलेलं आठवतं, असा गेम मी कधी पाहिला नव्हता. जमेच्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कौतुक करायला फोन लावला, या गेममधली वाक्यं लिहिणाऱ्या लेखिकेला.

मी तिला ते वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, "ते वाक्य मी लिहिलेलं नाही."

"मग दुसऱ्या कुणी लिहिलं असेल."

"तिची सगळी वाक्यं मीच लिहिली. दोनशे अकरा आहेत. त्यात हे नाही. तुम्ही किती वेळा केलंत?"

मी आकडा सांगितला.

"बाकीचे परीक्षक एकदा करतात," ती म्हणाली. "आणि करून वाईट वाटलं, असं कळवतात." फोन ठेवला तिने.

त्याच आठवड्यात ताईचं काहीतरी बिनसलं होतं. बाई असेपर्यंत ती नीट बोलायची, हसायची. दोन वाजत आले की गप्प व्हायची. एकदा मी तिची खुर्ची ढकलायला गेलो तर तिने डाव्या हाताने चाक घट्ट धरून ठेवलं. "राहू दे, इथेच बरी आहे," म्हणाली. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, ताई मला म्हणतात, तू दोनला जाऊ नकोस. घरी मुलं आहेत हो माझी, नाहीतर थांबले असते." मला राग आला. दोन वर्षं हिचं सगळं करतो आणि ही परक्या बाईकडे माझी कागाळी करते.

बाई गेल्यावर मी ताईसमोर बसलो. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. गच्चीतली फरशी तापली की घरात एक वास यायचा, तापलेल्या चुन्याचा आणि डांबराचा. तो वास घरभर होता.

"ताई, काय झालंय?"

ती हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मंगळवारी दुपारी तू मला गच्चीत नेलंस. म्हणालास, चल, वारा सुटलाय. आणि आत जाऊन दार लावलंस."

"मंगळवारी दुपारी आपण दवाखान्यात होतो, ताई. रिक्षाने गेलो, तुला रक्त तपासायला... आठवतंय ना?"

"आठवतंय. तेही झालं." तिने ओठ ओले केले. "दोन्ही झालं, धाकट्या."

मी हसलो. हसायचा प्रयत्न केला म्हणा. झटक्यानंतर माणसांना भास होतात, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तेवढ्यात तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बाही वर सारली. तो हात निकामी, कायम मांडीवर, कायम बाहीच्या आत. दोन वर्षांत त्याला ऊन लागलं नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून सोलली होती. खालून नवी कातडी आली होती आणि तीही भाजली होती. बाईंना तिने चहा सांडला असं सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"मोजायचं सोडलं मी. एकदा म्हणालास, मांजर आलंय, बघ. एकदा माझी पाण्याची बाटली काढून घेतलीस आधी. एकदा दार उघडलंस, मला वाटलं संपलं... आणि परत लावलंस." ती दमली, पण थांबली नाही. "दर वेळी आधी तू जरा थांबतोस. दाराशी. काहीतरी जागच्या जागी ठेवल्यासारखा. मग करतोस."

मला ते थांबणं ओळखीचं होतं. सेव्ह करायला तेवढाच वेळ लागतो.

"आणि काचेतून बघत राहतोस," ताई म्हणाली. "माझ्याकडे नाही बघत तू. माझं काय होतंय ते बघतोस. ते डोळे तुझे नाहीत रे... पण बघायची सवय तुझीच आहे."

मी तिच्या पायाशी बसून रडलो. तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग लगेच तो खुर्चीच्या चाकावर परत नेला. मी काही करीन म्हणून तो परत गेला, हे मला कळलं आणि मी तिला कळू दिलं नाही.

संध्याकाळी मी गेम कायमचा काढून टाकायला बसलो. तेव्हा आठवलं, आदल्या दिवशी अठराव्यांदा केलं होतं. मिस्त्रीणबाईला बाहेर ठेवलं, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. गॅसवाला होता. मी उठलो, त्याच्याशी बोललो, सिलिंडर आत घेतला आणि मग आलोच नाही परत. कंटाळा आला होता, यंत्र बंद करून टाकलं. आता उघडलं तर गेमने आपलं आपणच सेव्ह केलं होतं. माझ्या जुन्या जागेवरच केलं होतं. परत जायला जागाच उरली नव्हती. चौदा वर्षांत ही चूक मी पहिल्यांदा केली.

काचेतून बघितलं. ती यानाला टेकून बर्फात बसली होती. मी चाक फिरवून दार उघडलं. दार सताड उघडं होतं आणि ती आत आली नाही. मान वळवून बघितलंही नाही तिने. मी तसाच समोर बसून राहिलो.

तेव्हा मला खरी भीती काय आहे ते कळलं. माझ्याकडून कुणीतरी ताईला गच्चीत ठेवत होतं आणि परत घेत होतं, इथवर ठीक होतं. मी 'ठीक' म्हणतोय, बघा. पण तो जो कोणी आहे, त्याच्याही दाराची बेल वाजेल. तोही उठेल. त्यालाही कंटाळा येईल.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी धावपळ केली. अपंगांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत सोमवारपासून जागा मिळाली. ताई लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की मला लागलं. गच्चीच्या दाराला मी नवं कुलूप लावलं. एकच किल्ली होती, ती बाईंना दिली. "घरी घेऊन जा. मी मागितली तरी देऊ नका," म्हणालो. बाईंनी माझ्याकडे विचित्र बघितलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. दोन दिवसांचा प्रश्न होता, शनिवार आणि रविवार.

शनिवारी बाई दोनला गेल्या. मी ताईजवळ बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होतो. तिला संपादकीय आवडायचं नाही, ती म्हणाली, "पान उलट." मी पान उलटलं. एवढं मला नीट आठवतं.

मग मी स्वयंपाकघरात उभा होतो. हातात चहाचा कप होता, चहा कडकडीत गरम. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. घरात तापलेल्या चुन्याचा वास होता. गच्चीचं दार बंद होतं, कुलूप लागलेलं. दुधी काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक सावली होती. पंज्याएवढी.

टक... टक...

बोटाने वाजवल्याचा आवाज. मध्ये बराच वेळ जायचा. मग पुन्हा टक... तिने हाक मारली नाही. आत कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

आता नीट ऐका, कारण याचसाठी तुम्हाला बोलावलं. मी दार उघडलं नाही. तुम्ही म्हणाल, मला उघडता येत नव्हतं, कुणीतरी मला धरलं होतं. कुणी धरलं नव्हतं. हात माझे होते, पाय माझे होते. मी वाट बघत उभा राहिलो, ही दुपार परत घेतली जाईल याची. आतापर्यंत प्रत्येक वेळी घेतली होती. आता डोळे मिटतील, उघडतील, आणि मी वर्तमानपत्र वाचत असेन. उगाच मध्ये दार उघडून काय बिघडवायचं? चौदा वर्षांची सवय. काही वाईट झालं की माणूस धावतो. मी थांबतो.

टक...

मी चहाचा एक घोट घेतला. हे तुम्ही छापू नका. पण मी घेतला.

नंतर आवाज आला नाही. सावली काचेवरून खाली घसरली. मी तरी उभाच. चहा गार झाला, वर साय धरली, आणि घड्याळात चार वाजले. दुपार जिथे होती तिथेच होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो जो कोणी होता, तो उठून गेलाय.

किल्ली माझ्याच खिशात होती. कशी आली ते विचारू नका. कुलूप काढलं. दार ढकललं तर ते तिच्या खुर्चीला अडलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या. पंधरा-वीस मिनिटं. मग त्यांनी मला दुसऱ्या खोलीत नेलं आणि दार लावून विचारलं, "यांना किती दिवस बाहेर ठेवलं होतं?" मी म्हणालो, दीड-दोन तास असतील. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "हे एका दुपारचं नाही. कातडी भाजून बरी होऊन पुन्हा भाजलीय, थरावर थर आहेत. आणि पोटात... आठवडाभर पाण्याचा थेंब गेला नसावा असं दिसतं." त्या दिवशी दीड वाजता बाईंनी तिला माझ्यादेखत वरण-भात भरवला होता आणि दोन पेले पाणी पाजलं होतं.

पोलीस यायच्या आत मी घरी गेलो. बाईंचा कामाचा एप्रन स्वयंपाकघरात खिळ्याला असायचा. मी किल्ली त्याच्या खिशात टाकली.

ते मीच केलं. तेव्हा मी दाराशी थांबलो नाही, माझ्यातून कुणी बघत नव्हतं, आणि ते परतही घेतलं गेलं नाही. पोलिसांनी मला एवढंच विचारलं, गच्चीची किल्ली कुणाकडे असते? मी खरं तेच सांगितलं, बाईंकडे. बाई शपथेवर सांगत होत्या, मी किल्ली घरी नेली होती हो, दादांनीच तसं सांगितलं होतं, त्यांना विचारा. सगळे माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली, आणि भाऊ दुःखात आहे म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. भाऊ आतल्या खोलीत कामात होता, बाई जाता जाता ताईला गच्चीत विसरल्या आणि कुलूप लावून घरी गेल्या, असं ठरलं; डॉक्टरांचं म्हणणं कुणाला पटेना म्हणून बाजूला राहिलं. त्यांना चार महिने आत ठेवलं. आता सुटल्यात, पण त्यांना कुणी कामाला ठेवत नाही. मध्यंतरी बाजारात दिसल्या. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

घर विकलं. इथे तळमजल्यावर राहायला आलो, इथे गच्ची नाही. गेमचं परीक्षण मी दिलंच नाही. आता विचारलंत तर सांगेन, गेम बरा आहे, ग्रह फार रिकामे आहेत, आणि ज्याला आपलं वागणं परत घ्यायची सवय आहे त्याने तो खेळू नये. सदर तुम्हाला मिळालंय, लखलाभ होवो. काळी चाचणी मात्र घेऊ नका. एकदाही नको. मला तेवढंच सांगायचं होतं.

निघालात? दिवा वर करतो, थांबा, उंबऱ्याला ठेच लागेल.

एक विचारू का... मघाशी मी दार लावायला गेलो, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "आज उघडं राहू द्या." मी राहू दिलं. पण तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण पहिल्यांदाच भेटतोय ना? मग 'आज' का म्हणालात?

घाबरू नका, मला खरंच आठवत नाही. म्हणून विचारतो... याआधी तुम्ही कितीदा आला होतात?